महाविद्यालयात वादग्रस्त वक्ता येणार आहे: बोलावणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनी काय करावं

साताऱ्यात एखाद्या महाविद्यालयाने नावावरूनच दोन तट पडतील असा वक्ता बोलावला, की पुढचा क्रम बहुतेकदा ठरलेला असतो. आधी व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरतं, मग प्राचार्यांना फोन सुरू होतात. कुणीतरी निवेदन देऊन फोटो काढतं आणि आदल्या संध्याकाळी 'सभागृह उपलब्ध नाही' असा निरोप येतो. ज्यांना ऐकायचं होतं त्यांचं ऐकणं राहतं आणि ज्यांना विरोध नोंदवायचा होता त्यांनाही समोर मुद्दा मांडायची संधी मिळत नाही.

हा लेख दोन्ही बाजूंच्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वक्त्याला बोलता आलं पाहिजे आणि विरोधकांना त्याच दिवशी, त्याच परिसरात विरोध दाखवता आला पाहिजे. हे जमतं, पण त्यासाठी पंधरा दिवस आधीपासून कागद हलवावे लागतात. गोपाळ गणेश आगरकर याच जिल्ह्यातल्या टेंभूचे. पुण्यात लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि तरी ते लिहीत राहिले. वक्त्याचा राग येणं या मातीला नवं नाही.

कायदा, लागतो तेवढाच

संविधानाच्या कलम १९(१)(क) ने भाषणाचं स्वातंत्र्य दिलं आहे, तर १९(१)(ख) ने शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचं. म्हणजे वक्ता आणि निदर्शक एकाच कलमाच्या दोन पोटकलमांवर उभे असतात. भाषणावर बंधन घालायची कारणं १९(२) मध्ये मोजून आठ आहेत: सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'आम्हाला हे विचार पटत नाहीत' हे कारण त्या यादीत नाही.

न्यायालयांचे काही निकाल अर्जात लिहिण्याइतके उपयोगाचे आहेत. एस. रंगराजन प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की निदर्शनांची किंवा हिंसाचाराची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही आणि 'आम्हाला परिस्थिती हाताळता येणार नाही' असं सरकारला म्हणता येत नाही. श्रेया सिंघल प्रकरणात (२०१५) चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी संरक्षित आहेत, तिसरीपाशी कायदा हात घालतो. इम्रान प्रतापगढी प्रकरणात (मार्च २०२५) न्यायालयाने सांगितलं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या नजरेने जोखायचा. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत एफआयआर करण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही त्यात आहे.

दुसरी बाजूही नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (गटागटांत वैर वाढवणं) आणि कलम २९९ (हेतुपुरस्सर, दुष्ट बुद्धीने धर्मभावना दुखावणं) जागेवर आहेत. वक्त्याने एखाद्या समाजाला मारहाण करा असं सांगितलं, तर 'भाषणस्वातंत्र्य' म्हणून आयोजकांची सुटका होणार नाही. आणि अमुकच सभागृहात बोलवावंच, असा हक्क कुणालाही नाही. निमंत्रण द्यायचं की नाही हे महाविद्यालय ठरवू शकतं. खरा वाद सुरू होतो तो दिलेलं निमंत्रण दबावाखाली मागे घेतलं जातं तेव्हा.

बोलावणाऱ्यांसाठी: पंधरा दिवस आधी

पहिलं पत्र प्राचार्यांना. त्यात वक्त्याचं पूर्ण नाव, विषय, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, सभागृह, अपेक्षित श्रोते, अध्यक्ष कोण आणि जबाबदार दोन विद्यार्थी व एक प्राध्यापक यांची नावं हवीत. वक्त्याचं नाव लपवून 'मान्यवरांचं मार्गदर्शन' असं लिहायची चलाखी करू नका. नाव बाहेर आलं की प्राचार्य फसवल्याची तक्रार करतात, आणि ती रास्त असते. पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तोंडी 'बघू' म्हणजे परवानगी नव्हे.

मंजुरी लेखी घ्या. नकार आला तर तोही कारणासह लेखी मागा. रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातली तीन महाविद्यालयं कर्मवीर भाऊराव पाटील या समूह विद्यापीठात (२०२१) आहेत, बाकीची बरीच कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. दाद मागायची वेळ आली तर विद्यार्थी विकास विभागाचा पत्ता त्याप्रमाणे बदलतो. हे आधीच पाहून ठेवा.

कार्यक्रमाचा आराखडा असा ठेवा, की विरोधकांना आत येण्याचं कारण मिळेल. भाषण ४० मिनिटं, प्रश्न किमान ३० मिनिटं. नव्वद मिनिटं भाषण आणि शेवटी 'वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत' असं झालं, तर गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रश्न चिठ्ठीवरही घ्या आणि माईकवरही. नुसत्या चिठ्ठ्या असल्या की अडचणीच्या चिठ्ठ्या दाबल्या असा संशय येतो, नुसता माईक असला की कुणीतरी भाषण सुरू करतं. माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, प्रश्नकर्त्याच्या हाती देऊ नका. अध्यक्ष म्हणून दोन्ही बाजू ज्यांचं ऐकतील असे ज्येष्ठ प्राध्यापक हवेत. आमच्या मते सगळ्या तयारीत ही निवड सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच घाईत उरकली जाते.

प्रवेश ओळखपत्रावर ठेवा. ३०० खुर्च्यांचं सभागृह असेल तर २७० पास काढा. उरलेल्या जागा पत्रकार, प्राध्यापक आणि ऐनवेळच्या पाहुण्यांसाठी लागतातच. पास वाटताना विरोधी गटालाही त्यांचा वाटा द्या. पासवर आत आलेला माणूस प्रश्न विचारतो. दारात अडवलेला घोषणा देतो.

पोलिसांना पत्र

साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नाही. मनाई आदेश काढायचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि बंदोबस्त पोलीस अधीक्षकांकडे. महाविद्यालय सातारा शहर, शाहूपुरी की सातारा तालुका पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते आधी खात्री करून घ्या. चुकीच्या ठाण्यात दिलेला अर्ज 'वर्ग करून पाठवतो' म्हणत चार दिवस फिरतो. अर्ज आठ दिवस आधी द्या, प्रती उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अधीक्षक कार्यालयाला. मग ठाण्यातले गोपनीय अंमलदार फोन करतील: किती लोक, कोण कोण, विरोध कुणाचा? खरं सांगा. त्यांच्या अहवालावर बंदोबस्ताची माणसं ठरतात, आणि आकडा लपवला तर ऐनवेळी माणसं कमी पडतात.

सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्यावर तो बंदच. महाविद्यालयाचा परिसर शांतता क्षेत्रात येत असेल तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, हळू आवाजातल्या बोलण्याइतकी. तेव्हा बाहेर भोंगा लावायचा विचारच सोडा. जास्त लोक येणार असतील तर शेजारच्या वर्गात पडद्यावर दाखवा.

विरोध करणाऱ्यांसाठी

आधी मागणी ठरवा. 'व्याख्यान रद्द करा' ही मागणी करता येते, निवेदन देता येतं, तो तुमचा हक्क आहे. पण ती मान्य झाली नाही तर पुढे काय, याचं उत्तर तयार नसलं की जमाव दाराकडे सरकतो. आमचा आग्रह आहे की दुसरी मागणी जोडा: प्रश्नोत्तरात पहिले तीन प्रश्न आमचे, किंवा त्याच आठवड्यात त्याच सभागृहात आमचा वक्ता. या मागण्या मान्य होण्याजोग्या असतात आणि नाकारल्या तर समोरची बाजू उघडी पडते.

विरोधाचे जे प्रकार टिकतात ते असे: दंडाला काळी फीत, फलक, पत्रकं, भाषण सुरू होताच शांतपणे उठून बाहेर जाणं, समांतर सभा, वक्त्याच्याच लिखाणातले उतारे छापून वाटणं. शेवटचा प्रकार फार कमी लोक वापरतात आणि तोच सर्वांत बोचतो. मात्र उतारा शब्दशः, पान क्रमांकासह छापा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळी चर्चा त्या चुकीवर जाते.

जे टिकत नाहीत तेही सांगतो. दारात आडवं बसून कुणाला आत जाऊ न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली अन्यायाने अडवणूक केल्याचा गुन्हा होऊ शकतो. शाई फेकली की विषय संपतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तुमच्या मुद्द्याची एक ओळ नसते. सलग घोषणा देऊन वक्त्याचा आवाज बंद पाडणं अनेकांना निदर्शनाचाच भाग वाटतं, पण ऐकायला आलेल्यांचाही हक्क असतो, आणि उद्या तुमच्या वक्त्याच्या सभेत हेच होईल.

निदर्शनाआधी एक गोष्ट तपासाच: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा आदेश लागू आहे का. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश एकामागोमाग निघतात. ३७(३) जमावबंदीबद्दल आहे आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. ३७(१) मधली यादी नवख्यांना माहीत नसते आणि तिथेच पाय अडकतो. त्यात काठ्या, लाठ्या बाळगणं येतं, आणि प्रतिमा किंवा पुतळे यांचं प्रदर्शनही येतं. म्हणजे आदेश लागू असताना बांबूला लावलेला फलक आणि पुतळादहन, दोन्हींवर कारवाई होऊ शकते. फलक पुठ्ठ्यावर करा, दोन्ही हातांनी धरता येतील असे, साधारण दोन फूट बाय दीड फूट, काठीशिवाय. झेंडा लागलाच तर गुंडाळलेल्या कागदाच्या नळीवर.

आदेश आहे म्हणजे निदर्शन अशक्य, असं मात्र समजू नका. आदेशाची प्रत मागून घ्या आणि परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना सूट दिली आहे का ते वाचा. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातला असाच एक आदेश आणि त्याच्या आधाराने माजलगावच्या आंदोलनाला नाकारलेली परवानगी रद्द केली. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येत नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे.

परवानगीचा अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

प्रति, मा. पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे, सातारा.
विषय: दि. ______ रोजी शांततापूर्ण निदर्शने करण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, वरील तारखेस सकाळी १०.३० ते दुपारी १ या वेळेत ______ महाविद्यालयाच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या डाव्या बाजूस, रस्ता व प्रवेश मोकळा ठेवून, अंदाजे ८० विद्यार्थी फलक घेऊन निदर्शने करणार आहोत. ध्वनिक्षेपक, काठ्या, पुतळा यांचा वापर केला जाणार नाही. स्वयंसेवक ८, समन्वयक खालीलप्रमाणे. परवानगी नाकारावयाची असल्यास कारणे लेखी कळवावीत.

खाली तीन समन्वयकांची नावं, मोबाइल क्रमांक, सह्या आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा. नकाशा लोक टाळतात, पण 'डाव्या बाजूस' म्हणजे नक्की कुठे यावरून सकाळी वाद होतो, तेव्हा तोच कामी येतो. जागा दारापासून ४० ते ५० फूट धरा. वक्त्याला फलक दिसले पाहिजेत, पण त्याच्या गाडीला अडथळा नको. पोवई नाक्यासारख्या वर्दळीच्या चौकात उभं राहण्याचा मोह टाळा. तिथे वाहतूक तुंबली की परवानगीच्या अटींचा भंग झाला म्हणायला पाच मिनिटं पुरतात.

त्या दिवशी

दोन्ही बाजूंच्या समन्वयकांनी आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत एकदा भेटावं आणि एकमेकांचे क्रमांक घ्यावेत. इतकं केलं तरी निम्म्या अफवा जागीच संपतात.

आयोजकांनी दोन तास आधी सभागृह तपासावं: दोन्ही दारं उघडतात का, माईकला पर्यायी बॅटरी आहे का, वीज गेली तर काय. वक्त्याला आत आणायची आणि बाहेर न्यायची वाट वेगवेगळी ठेवा. अमेरिकेतल्या मिडलबरी महाविद्यालयात मार्च २०१७ मध्ये वादग्रस्त लेखक चार्ल्स मरे यांचं व्याख्यान घोषणाबाजीने बंद पडलं. महाविद्यालयाने पर्यायी योजना म्हणून त्यांना दुसऱ्या खोलीत नेऊन कॅमेऱ्यासमोर थेट प्रक्षेपणातून संवाद चालू ठेवला, तेवढं जमलं. पण बाहेर पडताना जमावाने गाठलं, आणि त्यांच्याशी चर्चा करायला, प्रश्न विचारायला बसलेल्या प्राध्यापिका ॲलिसन स्टेंजर यांच्या मानेला दुखापत झाली. आपल्याकडेही सगळी माणसं आत येणाऱ्या दारावर लावली जातात आणि कार्यक्रम संपल्यावर गाडीपर्यंतचे पन्नास पावलं रिकामे राहतात. स्वयंसेवकांची निम्मी फळी शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

सभागृहात घोषणा सुरू झाल्या तर अध्यक्षांनी काय बोलायचं हे आधी लिहून ठेवा. पहिल्या वेळी: 'तुमचा विरोध सर्वांनी ऐकला आहे. दोन मिनिटं झाली. आता बसा, प्रश्नोत्तरात पहिला प्रश्न तुमच्याकडून घेतो.' दुसऱ्या वेळी हेच, शांतपणे, आणि त्याबरोबर 'पुढच्या वेळी बाहेर जायची विनंती करावी लागेल.' तिसऱ्या वेळी प्राध्यापकांनी त्या ठराविक व्यक्तींजवळ जाऊन बाहेर यायला सांगावं. सगळ्या रांगेला उठवू नका, आणि हे काम विद्यार्थी स्वयंसेवकांवर टाकू नका, नाहीतर हाणामारी तिथेच होते. वक्त्याने मधल्या काळात माईकवरून उत्तर देऊ नये. तो चिडून एक वाक्य बोलतो आणि उरलेला कार्यक्रम त्या वाक्यावर जातो. पोलिसांना आत बोलवायचं की नाही हे प्राचार्यांनी ठरवावं. मात्र दखलपात्र गुन्हा (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते असा) घडत असेल तर पोलीस स्वतःहूनही येऊ शकतात, हे लक्षात असू द्या.

निदर्शकांच्या बाजूने दर दहा जणांमागे एक स्वयंसेवक, ओळखू येईल अशा एका रंगाच्या फितीसह. अनोळखी माणूस येऊन दगड उचलतो किंवा भलती घोषणा देतो, असं घडतं. तेव्हा सगळ्यांनी जागेवर खाली बसायचं, असं आधी ठरवा. बसलेल्या घोळक्यात उभा राहिलेला माणूस पोलिसांना आणि कॅमेऱ्याला लगेच वेगळा दिसतो.

दोन्ही बाजूंनी पूर्ण चित्रीकरण करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. दहा सेकंदांचा तुकडा फिरतो तेव्हा अख्खी फीतच कामी येते. तुकडे करून पाठवू नका, समोरच्याचेही नकोत.

नोटीस आली, ताब्यात घेतलं तर

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या समन्वयकांना 'गुन्हा घडू देऊ नका' अशी पोलिसांची नोटीस येण्याची शक्यता असते. जुनी लोक हिला अजून '१४९ ची नोटीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ही शिक्षा नाही, गुन्हा दाखल झाल्याचं लक्षणही नाही. नोटीस घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. घरी वडीलधारी माणसं घाबरतात म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्याच संहितेच्या कलम १७० खाली दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी ताब्यात घेता येतं, पण दुसऱ्या कायद्याचा आधार नसेल तर २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. ताब्यात घेतल्याबरोबर वेळ, ठिकाण आणि अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव कुणीतरी बाहेरच्याला कळवावं. त्यासाठी एक विद्यार्थी निदर्शनात न येता फोनपाशी थांबवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

परवानगी नाकारल्याला आव्हान द्यायचं तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली त्याच्या कक्षेत येतात. आठ दिवस आधी अर्ज का द्यायचा, याचं हेही कारण आहे: नकार चौथ्या दिवशी मिळाला तर वकिलाला याचिका लिहायला आणि कोल्हापूर गाठायला वेळ उरतो.

नंतरची फाईल

कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांत सगळे कागद एका फाईलमध्ये लावा: पोच घेतलेल्या प्रती, मंजुरी किंवा नकार, नोटिसा, पास किती वाटले त्याची यादी, अख्खी चित्रफीत एका पेनड्राइव्हवर. व्याख्यान तोंडी निरोपाने रद्द झालं असेल आणि कारण कुणीच लिहून देत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. पोलिसांच्या पत्रव्यवहारासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाचे जनमाहिती अधिकारी, विद्यापीठाच्या पत्रव्यवहारासाठी तिथले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि 'रद्द का केलं' असं विचारू नका, कारण का या प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणी, शेरे व पत्रव्यवहाराच्या प्रती' मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात प्रथम अपील.